दाणा आणि वैरण : एकाच साखरेची दोन रूपे

ज्वारीचे पीक निघाले म्हणजे दाणा कणगीत पडतो व कडबा गंजीस लागतो. दाण्यावर माणूस पोसतो, कडब्यावर बैल. माणसास कडबा पचत नाही हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु दाणा व कडबा यांचा मोठा भाग एकाच साखरेपासून बनलेला असतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. तिचे मर्म कळल्यास निकृष्ट वैरण सुधारण्याची रीतही सहज समजते.

वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कर्बवायू व जमिनीतील पाणी यांपासून ग्लुकोज नावाची साखर तयार करते. या साखरेचे शेकडो, हजारो रेणू एकमेकांस जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात. अशा साखळीस महारेणू म्हणतात. ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडली व या विषयातील कार्याबद्दल त्यांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दाण्यातील साखळीस पिष्ट म्हणतात. तिच्या सर्व कड्या एकाच रीतीने जोडलेल्या असल्यामुळे ती मळसूत्राप्रमाणे वळते. कोंबाच्या वाढीसाठी केलेला तो साठा असल्याने तो लवकर मोकळा होतो. भाकरीचा घास बराच वेळ चावल्यास गोड लागतो, याचे कारण लाळेतील पाचक द्रव्य पिष्टाच्या कड्या सोडवू लागते.

कडब्यातील साखळीस सेल्युलोज म्हणतात. तिच्यात प्रत्येक कडी मागील कडीच्या उलट बसते. त्यामुळे साखळी सरळ राहते आणि अशा अनेक साखळ्या दोराच्या पेडांप्रमाणे एकमेकींस घट्ट धरून ठेवतात. ताटास उभे राहण्याचे बळ येते ते यामुळेच. शिवाय लिग्निन नावाचा कठीण पदार्थ या पेडांवर गिलाव्यासारखा बसलेला असतो.

सेल्युलोज सोडविणारे पाचक द्रव्य माणसाच्या शरीरात तयार होत नाही; गाईच्या स्वतःच्या शरीरातही नाही. तिच्या कोटीपोटात राहणारे असंख्य सूक्ष्म जंतू हे काम करतात. हे पाचक द्रव्य प्रथिनांचे असते व प्रथिने बनविण्यास नत्र लागते. वाळलेल्या वैरणीत नत्र अल्प असते. म्हणून केवळ वाळक्या वैरणीवर ठेवलेल्या जनावराचे पोट भरलेले दिसते, परंतु अंग धरत नाही. कारण जंतूच उपाशी असतात.

यावर युरिया प्रक्रिया हा उपाय आहे. भाताचा पेंढा व गव्हाचे काड यांना ती विशेष उपयोगी पडते. १०० किलो वैरणीस ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्णपणे विरघळवून घ्यावा. वैरणीचे थर देत प्रत्येक थरावर हे पाणी झारीने सारखे शिंपडावे व थर पायाने दाबावा. नंतर ढीग प्लॅस्टिकच्या कापडाने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावा. या अवधीत युरियापासून अमोनिया वायू तयार होतो, लिग्निनची पकड सैल करतो व त्यातील काही नत्र वैरणीत मुरते. जंतूंस वाट मोकळी होते आणि नत्रही मिळते.

परंतु पुढील गोष्टींत हयगय झाल्यास जनावर दगावेल. कोरडा युरिया अथवा युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी कधीही जाऊ देऊ नये. पाण्याचे भांडे काम संपताच धुऊन टाकावे. ढीग उघडल्यावर रोजच्यापुरती वैरण काढून ती उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवावी. बुरशी आलेला भाग घालू नये. सहा महिन्यांखालील वासरांस व घोड्यांस ही वैरण देऊ नये. इतर जनावरांस प्रथम थोडी देऊन हळूहळू वाढवावी.

हिरवा चारा, पेंड व क्षारमिश्रण यांची गरज या प्रक्रियेने संपत नाही. चांगल्या कडब्याची कुट्टी करून सोबत पेंड दिली तरी पुष्कळ साधते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिला ढीग शेतकऱ्यांसमोर स्वतः वजनमापाने रचून दाखवावा. युरियाचे माप अंदाजाने कधीही घेऊ नये, हे त्या वेळी प्रत्येकाच्या मनावर बिंबवावे.