एकच जात, दोन वास

पाईपचे शौकीन व्हर्जिनिया आणि पेरीक या तंबाखूंच्या मिश्रणांची तुलना मोठ्या चवीने करतात. एकीला सुक्या गवताचा गोडसर वास, दुसरीला अंजीर-मिऱ्यांचा. आम्हाला रस आहे तो या वासामागच्या रसायनात.

दोन्ही पाने निकोशियाना टबॅकम याच जातीची. फरक पडतो तोडणीनंतर. व्हर्जिनिया (आंध्र-कर्नाटकात हीच पिकते) बंद कोठारात, नळ्यांतून दिलेल्या उष्णतेवर वाळवतात. आधी ऊब व दमटपणा राखतात. पान पिवळे पडते, विकरे स्टार्चची साखर करतात. मग तापमान चढवले की विकरे निकामी होतात, साखर उरते.

पेरीक होते अमेरिकेतील लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यात. हवेवर सुकवलेली पाने व्हिस्कीच्या पिंपांत ठासून, स्क्रूच्या दाबाखाली सुमारे वर्षभर मुरवतात. अधूनमधून काढून, उलटून पुन्हा दाबतात. स्वतःच्याच रसात, जवळजवळ हवेवाचून किण्वन होते. लोणचे मुरते तसेच म्हणा ना!

साखरेमुळे व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी असतो. आम्लात निकोटिनच्या रेणूला प्रोटॉन चिकटतो. असा प्रभारित रेणू तोंडाच्या अस्तरातून सहज शिरत नाही. धूर घशाला सौम्य लागतो, म्हणून छातीत ओढला जातो. सिगारेटच्या प्रसाराला हाच सौम्यपणा कारणीभूत ठरला. पाईपवाले सहसा धूर गिळत नाहीत, तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्यांना असतोच. तंबाखू वाळता-मुरताना निकोटिनसारख्या अल्कलॉइडांपासून नायट्रोसामीने बनतात. ती कर्करोगकारक आहेत, आणि अंजिराच्या वासात त्यांचा नाकाला पत्ताही लागत नाही.