चिखलात किती चाकं फिरली?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातून माझ्या भाच्याचा फोन आला. त्याची हापूसची बाग आहे. बागेतून शेडपर्यंत आंबा आणायला त्याच्याकडे एक जुनी पिकअप होती. त्या दिवशी दुपारी वळवाचा पाऊस झाला आणि बागेच्या घाटीवर गाडी अडकली. डावीकडचं मागचं चाक गटारात उतरलं होतं. बागेत राखणीला असलेला नेपाळी गडी आणि आणखी दोघे मागून ढकलत होते. चाक गरगर फिरत होतं, गाडी जागची हलत नव्हती. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडी हातभर मागे घसरली. दोघे बाजूला झाले. तिसऱ्याचा पाय चाकाखाली सापडला आणि हाड मोडलं.

पाय जुळून यायला तीन महिने लागले. दवाखान्याचा खर्च आणि तीन महिन्यांचा पगार भाच्याने दिला. पण त्याच्या मनातून ते जात नव्हतं. त्याला नवी गाडी घ्यायची होतीच. विक्रेत्याने सांगितलं, मागच्या डिफरन्शियलला लॉक असलेली गाडी घ्या, अशी अडकणारच नाही. तिचा हप्ता दरमहा साडेतीन हजारांनी जास्त होता. "मामा, तुम्ही आयुष्यभर हेच शिकवलंत," तो म्हणाला, "घेऊ का नको, एवढंच सांगा."

मी आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटर मेकॅनिकचा विषय शिकवला. तरी त्या दिवशी मला त्याला हो किंवा नाही असं उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी हे डिफरन्शियल कशासाठी असतं ते पाहू. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्या चाकाला कमी. पिकअपच्या दोन मागच्या चाकांमधलं अंतर साधारण १.४ मीटर धरलं, तर काटकोनात एकदा वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जवळजवळ २.२ मीटर जास्त धावतं. वळण मोठं असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली, तर हे २.२ मीटर कुठेतरी घसरून भरून काढावे लागतील. म्हणजे टायर घासणार आणि गाडी वळायला कुरकुरणार. म्हणून मधे दात्यांची अशी एक रचना बसवतात, की दोन्ही चाकांना इंजिनाचा जोर मिळावा, पण प्रत्येकाला आपापल्या वेगाने फिरता यावं. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने वाफेवरच्या गाडीसाठी या रचनेचं पेटंट १८२८ साली घेतलं. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्यात आजही तीच युक्ती असते.

या युक्तीला एक खोड आहे. ती समजायला बैलजोडीचं जू डोळ्यांसमोर आणा. जू मधोमध बांधलेलं असतं आणि तिथे ते थोडं फिरतं. दोन्ही बैल सारखे ओढत असतील तर जू सरळ राहतं. एक बैल ढिला पडला तर जू त्याच्या बाजूने मागे फिरतं आणि दुसरा बैल कितीही ताकदीचा असला तरी त्याची ताकद वाया जाते. डिफरन्शियलमध्येही तसंच आहे. दोन्ही चाकांना जोर नेहमी सारखाच मिळतो, आणि किती मिळायचा हे कमजोर चाक ठरवतं.

आकड्यांत सांगतो. समजा, माल भरलेल्या पिकअपचं एकूण वजन २,४०० किलो आहे आणि मागच्या प्रत्येक चाकावर ७०० किलो भार आहे. उजवं चाक घट्ट जमिनीवर आहे, तिथे ते ४२० किलोपर्यंत जोर लावू शकतं. डावं चाक निसरड्या चिखलात आहे, तिथे ७० किलोच्या वर जोर लावला की ते नुसतं फिरतं. आता उजव्यालाही ७० किलोच मिळणार. दोन्ही मिळून १४०. दहा फुटांना एक फूट अशा चढावर ही गाडी चढवायला निदान २४० किलो जोर लागतो. गाडी चढणार नाही. इंजिन कितीही रेटा, चिखल मात्र उडेल.

लॉक म्हणजे हे फिरणारं जू मधोमध घट्ट बांधून टाकणं. दोन्ही चाकं मग एकाच वेगाने फिरतात. डावं ७० किलो लावतं, उजवं ४२०. एकूण ४९०. गाडी चढावर आरामात निघते. इथपर्यंत विक्रेत्याचं म्हणणं अगदी खरं आहे.

पण आता दोन्ही चाकं चिखलात आहेत असं समजा. लॉक नसताना ७० आणि ७० मिळून १४०. लॉक लावल्यावर? तेच १४०. लॉक नवीन पकड निर्माण करत नाही. एका चाकाखाली पकड शिल्लक असेल, तर ती वापरायला देतं, एवढंच. दोन्ही चाकं सारखीच फिरत असतील तर लॉकचे पैसे फुकट गेले. तिथे चांगल्या खाचांचे टायर, चाकाखाली दगड-गोणपाट, किंवा पुढची चाकंही ओढणारी फोर व्हील ड्राइव्ह उपयोगी पडते. उलट फोर व्हील ड्राइव्ह असून लॉक नसेल, तर पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी झाल्यावर तीही गाडी अडते. ही दोन वेगळ्या दुखण्यांवरची दोन वेगळी औषधं आहेत.

आणखी एक गोष्ट. पिकअप भरलेली असताना अडकते, असं लोक समजतात. वरच्याच गाडीतला माल उतरवा. मागच्या चाकांवरचा भार निम्मा होतो, त्यांची पकडही निम्मी होते. पण इंजिन आणि पुढचा भाग तेवढाच जड राहतो. म्हणून रिकामी पिकअप जास्त लवकर अडकते. हौद्यात चार-पाच खताची पोती टाकून कोकणातले ड्रायव्हर पावसात गाडी काढतात, ते उगीच नाही.

देशावरच्या शेतकऱ्यांना हे लॉक नवं नाही. बहुतेक ट्रॅक्टरवर टाचेजवळ एक छोटं पेडल असतं. नांगरताना एक चाक फिरायला लागलं की ते दाबायचं, निघालं की सोडायचं. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेकही वेगळे असतात. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबला की जोर दुसऱ्या चाकाला मिळतो, हेही अनुभवी माणसाला ठाऊक असतं. नव्या गाड्यांमध्ये संगणक हेच करतो. फिरणारं चाक ओळखून तेवढ्याचाच ब्रेक लावतो. साध्या रस्त्यावर क्वचित अडकणाऱ्याला एवढं पुरतं. लांबच्या चिखलात मात्र ब्रेक तापतात.

खऱ्या लॉकचे मुख्य दोन प्रकार. एक, ड्रायव्हरने बटण किंवा दांडा वापरून लावायचं. २०२२ साली भारतात आलेल्या टोयोटा हायलक्स पिकअपला मागे असं विजेवर चालणारं लॉक आहे. यात अडचण दिसली की तिच्यात शिरण्यापूर्वी लॉक लावायचं, हळू पार व्हायचं आणि लगेच काढायचं. दुसरा प्रकार आपोआप लागणारा. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली यंत्रणा लॉक लावते आणि गाडी वेगात असेल तर लावत नाही. २०२० सालच्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांत ते आलं. २०२१ साली बोलेरो निओच्या एका प्रकारात फोर व्हील ड्राइव्ह नसतानाही ते दिलं गेलं. याखेरीज 'लिमिटेड स्लिप' म्हणून एक मधला प्रकार असतो. तो घर्षणाच्या चकत्यांनी दोन्ही चाकांना थोडंसं बांधून ठेवतो. त्याला वेगळं तेल लागतं आणि एक चाक अगदीच अधांतरी असेल तर त्याची मदत तोकडी पडते. गाडी घेताना 'लॉक आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. यांपैकी नेमकं कोणतं, ते विचारून घ्या.

लॉकची किंमत फक्त पैशांत मोजून चालत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर लॉक लावून वळलात तर ते २.२ मीटर टायरांतून आणि अ‍ॅक्सलमधून वसूल होतात. गाडी सरळ जायला बघते, वळायला नाखूश असते. ओल्या उतारावर दोन्ही मागची चाकं एकदम घसरली तर गाडीचं शेपूट आडवं होतं. लॉक नसताना निदान न फिरणारं चाक तिला धरून ठेवतं. एकाच चाकाला पकड असेल तर जवळजवळ सगळा जोर त्या एका बाजूच्या शाफ्टवर येतो, आणि दांडगाई केली तर तो तुटतो. आणि लॉक असो वा नसो, गाडीचं एक मागचं चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये इंजिन कधीच चालवू नका. लॉक असेल तर जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून खाली ओढतं.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, आता पाऊस सुरू होतोय. दिवाळीपर्यंत थांब. जुनी गाडी जिथे जिथे अडकेल तिथे खाली उतर आणि किती चाकं फिरली ते बघ. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेला लिही, एक की दोन. गाडी भरलेली होती की रिकामी, तेही लिही. आणि गाडीमागे माणूस उभा करायचा नाही. काढायचीच तर पुढून, लांब दोराने.

आंब्याला खतं पावसाच्या सुरुवातीलाच घालायची असतात, त्यामुळे गाडीच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा त्याने दिनदर्शिका खाली काढली. पाच महिन्यांत गाडी नऊ वेळा अडकली होती. त्यांतल्या सहा वेळा व्हाळाजवळच्या एकाच जागी, आणि तिथे दोन्ही चाकं फिरली होती. एकदा शेजाऱ्याच्या अंगणातल्या ओल्या गवतावर, तिथेही दोन्ही. दोनच वेळा एक चाक फिरलं, दोन्ही वेळा गाडी रिकामी होती आणि जागा तीच होती. घाटीवरचं गटार.

नवातून दोन. हिशोब इथेच संपला असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटलं नाही. कारण माणसाचा पाय मोडला तो त्याच गटाराशी. सात वेळा अडकणं म्हणजे वेळेचं नुकसान होतं. ही दोन वेळची अडचण मात्र चढावरची होती आणि लॉकने तिथेच खरी मदत केली असती. नुसते आकडे मोजून मी त्याला 'नको' म्हणू शकत नव्हतो.

तेव्हा मी दुसरा प्रश्न विचारला. ही वाट कोणाची? वाट त्याचीच होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे घाटी चालून आलो. गटार चाकाच्या मार्गातच आलं होतं. ते दोन हात आत सरकवून कडेला चिऱ्यांची रांग बसवता येणार होती. व्हाळाजवळ दगडांचं सोलिंग करता येणार होतं. दोन्ही कामं मिळून खर्च वाढीव हप्त्याच्या एका वर्षाच्या रकमेपेक्षा, म्हणजे ४२ हजारांपेक्षा, कमी आला. भाच्याने लॉक नसलेली गाडी घेतली, मागे खोल खाचांचे टायर घातले आणि हौद्यात लांब दोर कायमचा ठेवला. त्यानंतरच्या पावसात त्याच्या दिनदर्शिकेत एकच नोंद झाली.

त्याच गावात दुसरा एकजण चिरेखाणीवरून पिकअपने चिरे वाहतो. त्याने मला हाच प्रश्न विचारला तेव्हा मी बिनदिक्कत 'लॉकवाली घे' म्हटलं. खाणीची जमीन वरखाली असते. खाली कातळ घट्ट, पण खड्ड्यावर एक चाक उचललं जातं आणि हवेत फिरतं. रोजची खाण नवी, खोदाई पुढे सरकते तशी वाट बदलते. ती दुरुस्त कोण करणार? आणि दुसऱ्या चाकाखाली भरपूर पकड शिल्लक असते. लॉक अशाच जागेसाठी जन्माला आलं आहे.

तेव्हा मंडळी, पिकअप घ्यायला निघाला असाल तर शोरूममध्ये जाण्याआधी स्वतःला दोनच प्रश्न विचारा. माझी गाडी अडकते तेव्हा किती चाकं फिरतात? आणि जिथे अडकते ती जागा मला नीट करता येईल का? एकच चाक फिरत असेल आणि जागा आपल्या हातातली नसेल, तर लॉकचे पैसे जरूर मोजा. नाहीतर आधी फावडं-घमेलं काढा.

आणि कोणतीही गाडी घ्या, अडकलेल्या गाडीच्या मागे माणसाला उभं करू नका. तो नेपाळी गडी आता पुन्हा बागेत आहे. चालताना थोडा लंगडतो. गाडी घाटीला लागली की तो अजूनही वाट सोडून गडग्यावर जाऊन उभा राहतो.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)