प्रोसेसरचा ताप आणि त्याचे निदान

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि कॅबिनेट असे सुटे भाग पारखून आणावेत आणि घरच्या टेबलावर स्वहस्ते संगणक जुळवावा, ही हौस आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. या संगणकांपैकी जे पहिल्याच उन्हाळ्यात मंदावतात किंवा काम ऐन रंगात असताना एकाएकी बंद पडतात, त्यांचा ठपका सर्रास प्रोसेसरवर ठेवला जातो आणि नवा प्रोसेसर अथवा महागडा कूलर आणण्याची मसलत दिली जाते. माझ्या मते प्रोसेसर बहुधा निर्दोष असतो. कसूर असते ती त्याच्यापासून खोलीतल्या हवेपर्यंत उष्णता नेणाऱ्या वाटेत, आणि ती वाट पायरीपायरीने तपासल्यावाचून केलेला खर्च व्यर्थ जातो.

हा प्रश्न पूर्वी नव्हता. 1971 साली इंटेलने काढलेल्या 4004 या प्रोसेसरात अवघे 2300 ट्रान्झिस्टर होते आणि त्याच्या उष्णतेसाठी कसलाही खास बंदोबस्त करावा लागत नसे. ट्रान्झिस्टर लहान करीत गेल्यास विद्युत्‌दाबही त्याच प्रमाणात उतरवता येतो व तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही, हे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये दाखवून दिले होते, आणि या आश्वासनावर प्रोसेसरांचा उद्योग सुमारे तीन दशके निर्धास्त चालला. पुढे ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले, की बंद असतानाही त्यांतून प्रवाह झिरपू लागला. 2004 साली आलेल्या, 90 नॅनोमीटर तंत्राच्या ‘प्रेस्कॉट’ पेंटियम 4 च्या काही आवृत्त्यांची औष्णिक मर्यादा 115 वॅटपर्यंत गेली आणि त्याच वर्षी इंटेलला 4 गिगाहर्ट्झचा बेत सोडून द्यावा लागला. आजचे चित्र आणखी निराळे आहे. कोअर आय9-13900के या प्रोसेसरची कमाल मर्यादा 253 वॅट आहे, तर 2022 च्या रायझन 7000 मालिकेतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली 95 अंश सेल्सियसला चालावेत, अशीच त्यांची योजना आहे. म्हणून पडद्यावर 95 चा आकडा दिसताच घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रोसेसर आपल्या मर्यादेला पोचला की स्वतःच वेग उतरवतो आणि तरीही ताप चढत राहिला तर यंत्र बंद करतो.

आकड्याहून अधिक बोलका असतो तो आकडा चढण्यास लागलेला वेळ, आणि निदानाची खरी किल्ली मला येथेच दिसते. तापमान दाखवणारी एखादी आज्ञावली उघडून प्रोसेसरवर पूर्ण भार टाकावा. पारा दोन-तीन सेकंदांतच मर्यादेला भिडत असेल, आणि भार काढताच तितक्याच झटक्याने कोसळत असेल, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही असे बेलाशक समजावे. हात लावण्याइतपत जागा असेल तर कूलरचे धातूचे पाते अशा वेळी जेमतेम कोमट लागते. उलट तापमान दहा-वीस मिनिटांत सावकाश चढत असेल, तर उष्णता कूलरपर्यंत व्यवस्थित येते, पण तेथून पुढे कॅबिनेटबाहेर जाण्याची तिची वाट तुंबलेली असते.

पहिल्या प्रकारात तपास कूलरच्या बैठकीपासून सुरू करावा. इंटेलच्या प्रोसेसरांबरोबर मिळणारा कूलर अनेक पिढ्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसत आला आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील खुंट्या जोडीजोडीने दाबाव्या लागतात, आणि प्रत्येक खुंटीचे दुभंगलेले टोक मदरबोर्डच्या पाठीमागे पूर्ण बाहेर येऊन फाकले आहे की नाही, याची पाठीमागून डोळ्यांनी खातरजमा करावी लागते. एक खुंटी अर्धवट राहिली तरी वरून सारे जागच्या जागी दिसते, पण तळाचा तो कोपरा केसभर उचललेला राहतो, आणि हवा तांब्यापेक्षा सुमारे 15,000 पट कमी उष्णतावाहक असल्याने तेवढी फट पुरते. कूलर उतरवल्यावर थर्मल पेस्टचा ठसा नीट न्याहाळावा: सर्वत्र सारखा पातळ ठसा बैठक सरळ असल्याचा दाखला होय, तर एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला कोरा असलेला ठसा कूलर तिरपा बसल्याची साक्ष देतो. पेस्ट स्वतः तांब्याच्या मानाने क्षुद्र वाहक आहे. तिचे काम दोन पृष्ठभागांतील बारीक खाचा भरण्यापुरतेच असल्यामुळे वाटाण्याएवढा ठिपका सामान्यतः पुरेसा होतो. तळावरचे संरक्षक प्लॅस्टिक काढायचे राहून गेले, हेही कारण नवशिक्यांच्या यंत्रांत वारंवार आढळते. पाण्यावर चालणाऱ्या कूलरमध्ये मात्र हीच लक्षणे दिसली, तर आधी पंप फिरतो आहे का ते बायोसमध्ये पाहावे.

दुसऱ्या प्रकारची परीक्षा सोपी आहे. कॅबिनेटची बाजूची झडप काढून ठेवावी. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर वारा खेळत नाही हे सिद्ध झाले. पुढून हवा आत आणि मागून व वरून बाहेर, असा पंख्यांचा रोख असावा, आणि पुढच्या जाळीवर साचलेली धूळ नियमाने काढावी.

येथे आपल्या हवामानाचा विचार टाळता येत नाही. कोणताही साधा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेहून थंड करू शकत नाही; खोली 25 अंशांवरून 40 वर गेली, की प्रोसेसरही साधारण 15 अंशांनी वर सरकतो. थंड प्रदेशांतील परीक्षकांनी खोलीचे तापमान वीस-बावीस अंश धरून दिलेले निकाल नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्याला, जेव्हा बाहेर पारा 45 च्याही पलीकडे जातो, जसेच्या तसे लावणे मला अन्यायाचे वाटते. त्या भागात संगणक जुळवणाऱ्याने बायोसमधील वीजमर्यादेकडे आवर्जून लक्ष द्यावे, कारण कित्येक मदरबोर्ड ती मर्यादा परस्पर मोकळी सोडतात. 253 वॅटांचा प्रोसेसर 125 वॅटांवर बांधला, तर उष्णता निम्म्यावर येते आणि नित्याच्या कामात पडणारी तूट त्या मानाने फारच थोडी असते; ही तजवीज उन्हाळ्यापुरती करून पावसाळा लागल्यावर मर्यादा पुन्हा वाढवता येते.