नळीचा निर्णय

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना दूध देण्यासाठी नाकातून नळी घालताना माझा हात कधी अडखळला नाही. थोरल्या बंधूंना जिभेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांचे किरणोपचार सुरू झाले, तेव्हा मात्र ‘नळीचे पुढे पाहू’ असे मीच म्हणालो. नळी म्हणजे अखेर, ही वहिनींची धास्ती. माझ्याही मनात तीच दडली होती. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटले, पेजही उतरेना. वजन सहा किलोंनी घटले. चेहऱ्यावर बेतलेला मुखवटा सैल झाला की किरणांचा नेम ढळू शकतो, आणि उपचारांत खंड पडला तर तो कर्करोगाच्याच पथ्यावर पडतो.

नाकातील नळी काही आठवड्यांपुरती बरी. मुक्काम लांबणार असेल तर दुर्बिणीच्या साह्याने थेट जठरात बसवलेली सोयीची. ही पद्धत १९७९ साली क्लीव्हलंड येथे प्रथम वापरली गेली ती एका तान्ह्या बाळावर! हे मी विद्यार्थ्यांना शिकवतही आलो आहे.

दादांनी पाटीवर लिहिले, ‘कायमची?’

‘नाही. पण ठसका लागत नाही तोवर रोज दोन घोट पाणी गिळत राहायचे. नाहीतर घशाचे स्नायू काम विसरतात.’

नळी चार महिने राहिली. वहिनी आजही विचारतात, ‘भाऊजी, पहिल्याच आठवड्यात का नाही बोललात?’