दिवा बटण दाबतानाच का जातो?

तारेचा साधा बल्ब बहुधा जळत असताना जात नाही. संध्याकाळी आपण बटण दाबतो, एकदम लख्ख प्रकाश पडतो आणि पुन्हा अंधार! असे का होत असावे? बटण दाबल्यावर दिवा एकदम न लागता हळूहळू उजळला, तर तो जास्त टिकेल का? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. त्याचे उत्तर शोधताना ओहमच्या नियमाची चांगली उजळणी होते.

सुरुवात एका मोजमापाने करू. 230 व्होल्ट, 60 वॅट असे लिहिलेला बल्ब घ्या. व्होल्टतेच्या वर्गाला शक्तीने भागले की रोध मिळतो : 230 × 230 ÷ 60, म्हणजे सुमारे 880 ओहम. आता बल्ब होल्डरमधून काढून, थंड असताना, त्याचा रोध मल्टिमीटरने मोजा. काटा किंवा आकडे 60-70 ओहमच्या आसपास थांबतात. मुलांना वाटते, आपले गणित चुकले किंवा मीटर बिघडला. दोन्ही बरोबर आहेत. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो आणि पेटलेल्या बल्बमधील तार सुमारे 2500 अंश सेल्सिअसला असते. गणितातून आलेला रोध या तापलेल्या तारेचा आहे, मीटरने दाखवलेला थंड तारेचा.

आता बटण दाबण्याचा क्षण पाहू. घरातील 230 व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे शिखरमूल्य सुमारे 325 व्होल्ट असते. नेमक्या त्याच क्षणी बटण लागले, तर 65 ओहमच्या थंड तारेतून 5 अँपिअर धारा वाहू शकते. नेहमीची धारा असते जेमतेम 0.26 अँपिअर! सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास तार तापते आणि धारा आपोआप कमी होते.

नवी तार हा धक्का सहज सोसते. मात्र वापराबरोबर टंगस्टनची हळूहळू वाफ होत जाते. (जुन्या बल्बच्या काचेला आतून येणारा काळपटपणा हेच सांगतो.) वाफ सगळीकडे सारखी होत नाही. तार जिथे थोडी बारीक होते तिथे रोध जास्त, म्हणून उष्णता जास्त, म्हणून वाफही जास्त. बटण दाबताच हा बारीक भाग इतर तारेच्या आधी तापतो. बाकीची तार अजून थंड असल्याने धारा मोठीच असते. बारीक भागाचे तापमान टंगस्टनच्या वितळणबिंदूपर्यंत, म्हणजे 3422 अंशांपर्यंत पोचते आणि तार तुटते.

मग उपाय काय? सुरुवातीचे एक-दोन सेकंद व्होल्टता हळूहळू वाढवायची. ही कल्पना वर्गात 12 व्होल्टच्या बॅटरीवर दाखवता येते.

साहित्य : 12 व्होल्टची बॅटरी, मोटारसायकलचा 12 व्होल्ट 10 वॅटचा बल्ब, टी.आय.पी. 122 ट्रान्झिस्टर (उष्णता घालवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीसह), 1 किलोओहमचा रोधक, 1000 मायक्रोफॅरड 25 व्होल्टचे धारित्र, 3 अँपिअरचा फ्यूज, बटण.

जोडणी : ट्रान्झिस्टरची छापील बाजू समोर धरली की डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर अशी टोके असतात. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजमधून तार कलेक्टरला जोडा. एमिटर आणि ऋण टोक यांच्यामध्ये बल्ब जोडा. फ्यूजनंतरच्या धन तारेपासून बटण आणि रोधक यांतून बेसला जोडणी द्या. धारित्राचे धन टोक बेसला, ऋण टोक बॅटरीच्या ऋण टोकाला. धारित्राची टोके उलटी लावू नका. धातूची पट्टी कलेक्टरला जोडलेली असते, ती इतर तारांना लागू देऊ नका.

बटण दाबल्यावर धारित्र रोधकातून भरत जाते. 1000 ओहम गुणिले 1000 मायक्रोफॅरड म्हणजे 1 सेकंद. एवढ्या वेळात त्यावरील व्होल्टता अंतिम मूल्याच्या सुमारे 63 टक्के होते. एमिटरची व्होल्टता बेसच्या मागोमाग, पण सुमारे दीड व्होल्ट खाली राहून चढते. बल्ब आधी लालसर, मग पिवळा, मग पांढरट होतो. बटण बंद केल्यावर तो मंद व्हायला मात्र जास्त वेळ लागतो. का, ते मुलांना शोधू द्या. (धारित्र आता कोणत्या वाटेने आणि किती धारेने रिकामे होत आहे?)

घरातील 230 व्होल्टवर असा प्रयोग मुलांनी करू नये. तिथे दोन मार्ग वापरले जातात. एक, थंड असताना रोध जास्त आणि तापल्यावर कमी असणारा एन.टी.सी. थर्मिस्टर बल्बच्या एकसरीत जोडणे. पण दिवा बंद करून लगेच लावला, तर तापलेला थर्मिस्टर धक्का अडवत नाही. दुसरा मार्ग ट्रायॅकचा. 50 हर्ट्झच्या विजेतील प्रत्येक 10 मिलिसेकंदांच्या अर्धचक्राचा आधी लहानसा आणि मग वाढत जाणारा भाग बल्बला द्यायचा.

आता मूळ प्रश्न : दिवा खरोखर जास्त टिकतो का? थोडासाच. हळू सुरुवातीने शेवटचा धक्का लांबतो, तारेची वाफ होणे थांबत नाही. त्या मानाने व्होल्टता केवळ 5 टक्के कमी ठेवली, तर बल्बचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, पण प्रकाश सुमारे 16 टक्क्यांनी घटतो. आपल्या मंडलातही ट्रान्झिस्टर कायमचे सुमारे दोन व्होल्ट स्वतःवर घेतो. बल्ब जास्त टिकला, तर श्रेय हळू सुरुवातीचे की कमी व्होल्टतेचे? हे तपासण्यासाठी प्रयोग कसा आखावा, यावर वर्गात चर्चा होऊ शकेल.

आज घरोघरी एल.ई.डी. दिवे आहेत. त्यांत तापणारी तार नसते, तरी बटण दाबताना धक्का असतोच. तो आतील मंडलातले रिकामे धारित्र भरण्याचा. शिवाय सगळेच एल.ई.डी. दिवे ट्रायॅकवर नीट चालत नाहीत, काही लुकलुकतात. म्हणून जुना उपाय नव्या दिव्याला लावण्याआधी विचारावे : इथे धक्का नेमका कशाचा आहे?