धुराड्यातील कार्बन डायऑक्साइड : कच्चा माल म्हणून उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :

उज्जैन परिसरातील शेतकरी गव्हासाठी युरियाचे पोते फोडतो, तेव्हा त्या पांढऱ्या दाण्यांत एखाद्या कारखान्याच्या धुरातून मिळवलेला कार्बन डायऑक्साइड असू शकतो, हे सहसा त्याच्या लक्षात येत नाही. हवेत जाणारा हा वायू पकडून कच्चा माल म्हणून वापरता येतो. मात्र असा प्रत्येक वापर शाश्वत ठरतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

युरिया कारखान्यातील प्रक्रिया :

मध्य प्रदेशातच, गुना जिल्ह्यातील विजयपूर येथे नॅशनल फर्टिलायझर्स लिमिटेडचा युरिया कारखाना १९८८ पासून आहे. अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगातून युरिया तयार होतो. एक टन युरियासाठी सुमारे पाऊण टन कार्बन डायऑक्साइड लागतो. नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवताना तो मिळतो. पण सर्व अमोनियाचा युरिया करण्यास पुरत नाही. ही तूट भट्टीच्या धुरातून भरून काढतात. थंड केलेला धूर अमाईनच्या द्रावणातून जाऊ देतात. द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व वाफेने तापवल्यावर तो शुद्ध स्वरूपात सोडते. विजयपूरला हे तंत्र वापरात आले. त्यापूर्वी २००६ मध्ये इफकोच्या आंवला व फूलपूर (उत्तर प्रदेश) येथे दररोज प्रत्येकी ४५० टन क्षमतेची अशी संयंत्रे सुरू झाली होती. एवढ्या वायूपासून सुमारे ६०० टन युरिया बनू शकतो.

मर्यादा :

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. युरिया जमिनीत पडल्यावर काही दिवसांतच त्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड पुन्हा मुक्त होतो. मिथेनॉलचेही तसेच आहे. सिंगरौली जिल्ह्यातील विंध्याचल वीजकेंद्रात एनटीपीसीने २०२२ मध्ये दररोज २० टन वायू पकडणारे संयंत्र उभारले. त्या वायूपासून मिथेनॉल बनवण्याची योजना होती. परंतु मिथेनॉल इंधन म्हणून जाळले की कार्बन पुन्हा हवेत जातो. याउलट, चुन्याशी संयोग होऊन बनलेले कॅल्शियम कार्बोनेट बांधकामात वापरल्यास कार्बन दीर्घकाळ बंदिस्त राहतो.

निष्कर्ष :

वायू पकडला एवढ्यावरून प्रक्रिया शाश्वत ठरत नाही. कार्बन कोठून आला, त्यासाठी लागणारी उष्णता व हायड्रोजन कशापासून मिळाले आणि तो वस्तूत किती काळ टिकेल, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारले पाहिजेत. युरियाच्या बाबतीत वाया जाणारा वायू उपयोगी पडतो, हा लाभ खरा आहे. परंतु त्यामुळे हवा कायमची स्वच्छ झाली असे म्हणता येणार नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा फरक समजावून देणे अगत्याचे आहे.