हयातीचा दाखला

दिवाळीचे दिवस सरले की बँकांच्या शाखांमध्ये एक निराळीच गर्दी दिसू लागते. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, कुणी रिक्षावाल्याला दारातच थांबवून आत येतात. हातातल्या कापडी पिशवीत पासबुक असते, आधार कार्ड असते आणि घड्यांवर विरलेला एखादा जुना सरकारी कागद असतो. या मंडळींना पैसे काढायचे नसतात की भरायचे नसतात. आपण जिवंत आहोत, एवढेच सांगायला ती आलेली असतात. सरकारी भाषेत याला 'हयातीचा दाखला' म्हणतात.

बँकेतल्या माझ्या नोकरीची तीस वर्षे ही गर्दी मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिली. 'साहेब, यंदाही आलो बरं का!' असे म्हणत हसणारे निवृत्त तलाठी, पुढच्या नोव्हेंबरचे काही खरे नाही असे दरवर्षी बजावणारे आणि दरवर्षी नेमाने येणारे मास्तर, नवऱ्याच्या नावापुढे 'कैलासवासी' लिहिताना क्षणभर थबकणाऱ्या बाया. राज्य सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांची पद्धत तशी सोपी आहे. जिल्हा कोषागाराकडून बँकेच्या शाखेत याद्या येतात. ३० नोव्हेंबरपर्यंत शाखेत जाऊन आपल्या नावासमोर सही करायची किंवा अंगठा उठवायचा. याद्या कोषागारात परत जातात. ज्याच्या नावासमोर सही नाही, त्याचे डिसेंबरपासूनचे निवृत्तिवेतन थांबते. डिसेंबरचे पैसे जानेवारीत जमा व्हायचे असतात. म्हणजे हा फटका नव्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात कळतो.

ही पद्धत मुळात चुकीची आहे, असे मी म्हणणार नाही. पैसा जनतेचा आहे आणि तो योग्य माणसाच्या हाती पडतो की नाही, हे पाहणे सरकारचे कर्तव्यच आहे. २०१० साली जपानमध्ये टोकियोतल्या एका गृहस्थांना १११ वर्षांचे म्हणून शुभेच्छा द्यायला अधिकारी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते तीसेक वर्षांपूर्वीच वारले असल्याचे उघडकीस आले. घरच्यांनी मृत्यू लपवला होता आणि त्यांच्या नावे येणारे पेन्शन चालूच होते. शिस्तीबद्दल ज्यांचे दाखले आपण देतो, त्या देशात हे घडले. तेव्हा 'आपण आहात ना?' असे वर्षातून एकदा विचारण्यात गैर काही नाही. प्रश्न उभा राहतो तो माणसाने 'आहे' असे सांगूनही कागद 'नाही' म्हणतो तेव्हा.

माझ्या आत्याच्या बाबतीत हेच झाले. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. गुलमंडीच्या मागच्या बाजूला जुन्या घरात एकटी राहते. तिचे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून होते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. पुढे त्या कामावर त्यांची उमेदीची वर्षे पैठणला पत्र्याच्या क्वार्टरमध्ये गेली. ते गेल्यापासून आत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, दरमहा पंधरा हजारांच्या आतबाहेर. तेवढ्यात तिचे दूध, औषधे, विजेचे बिल आणि मोलकरणीचा पगार भागतो. मुलगा पुण्याला असतो, तो पैसे पाठवतो म्हणतो. पण ती घेत नाही. 'माझं मला पुरतं' हे वाक्य ती ज्या ताठ मानेने उच्चारते, त्यामागे हे निवृत्तिवेतन आहे.

२०२४च्या नोव्हेंबरात शेजारच्या सूनबाईला बरोबर घेऊन ती शाखेत गेली, यादीवर सही करून आली. जानेवारीत पैसे आले नाहीत. फेब्रुवारीत आले नाहीत. तिने कुणालाही सांगितले नाही. मार्चमध्ये मी सहज भेटायला गेलो, तर चहा कोरा आला. दूध नासले असेल असे वाटले. मग टेबलावर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी दिसली. त्यातली प्रत्येक गोळी मधोमध मोडून अर्धी ठेवलेली होती. खोदून विचारले तेव्हा कुठे उलगडा झाला.

'मला सांगितलं का नाहीस गं?'

'काय सांगायचं? सरकारनंच बंद केली असेल. लई वर्षं दिली की त्यांनी.'

लई वर्षं दिली की त्यांनी! मला पैसे थांबल्यापेक्षा या वाक्याने जास्त अस्वस्थ केले. आपल्याकडच्या कितीतरी वृद्धांच्या, विशेषतः विधवांच्या मनात निवृत्तिवेतन म्हणजे सरकारने केलेला उपकार, हीच समजूत घट्ट बसलेली आहे. देणाऱ्याचा हात कधी आखडला, तर घेणाऱ्याने काय बोलायचे? वास्तविक या समजुतीला सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच तिलांजली दिली आहे. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी नसून तो हक्क आहे. पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या त्या घटनापीठाने, निवृत्तिवेतन हा केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हे निःसंदिग्धपणे मांडले. देशभरातील निवृत्त मंडळी १७ डिसेंबर हा 'पेन्शनर्स डे' म्हणून पाळतात, तो याच निकालामुळे. हे सगळे मी आत्याला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'मग ते कोर्टाचं कागदपत्र बँकेला कुणी दाखवलं नाही वाटतं.'

दुसऱ्या दिवशी आम्ही शाखेत गेलो. काउंटरवरच्या तरुणाने संगणकात पाहून सांगितले, 'पैसे कोषागारातूनच आले नाहीत. तिकडे विचारा.' तो खोटे बोलत नव्हता. पूर्वी बँक निवृत्तिवेतनाचे पैसे आधी देई आणि मागाहून सरकारकडून वसूल करी. आता कोषागारातून रक्कम परस्पर खात्यात जमा होते, शाखेच्या हाती उरते ती फक्त नोव्हेंबरची यादी. कोषागारात गेलो. तिथल्या लेखापालबाईंनी आत्याला बसायला खुर्ची दिली, पीपीओ क्रमांक विचारला, पडद्यावर पाहिले, मग आत्याकडे पाहिले आणि जरा खाली आवाजात मला म्हणाल्या, 'यांच्या नावापुढे बँकेने मयत शेरा दिला आहे.'

हळू बोलण्याचा काही उपयोग झाला नाही. आत्याचे कान अजून शाबूत आहेत. ती काही बोलली नाही; फक्त पदर सारखा केला.

अशा वेळी माणूस चिडतो आणि सगळा जोर 'ही काय तुमच्यासमोर बसली आहे!' हे सांगण्यावर खर्च करतो. ते स्वाभाविक आहे, पण त्याने काम होत नाही. कार्यालयाचे व्यवहार माणसावर नव्हे, नोंदीवर चालतात. म्हणून 'पैसे का थांबले?' असे विचारण्याऐवजी 'कोणत्या कागदावरच्या, कोणत्या तारखेच्या, कुणाच्या नोंदीने थांबले?' असे विचारावे. मी कोषागारातून यादीचा आणि पानाचा क्रमांक टिपून घेतला, शाखेत परतलो आणि शाखेकडची त्या पानाची प्रत दाखवण्याची लेखी विनंती केली. दोन दिवसांनी ते पान समोर आले आणि कोडे सुटले.

त्या पानावर एकाखाली एक अशी दोन नावे होती. दोघींचे नाव एक, आडनाव एक. फरक फक्त पतीच्या नावात आणि पीपीओ क्रमांकात. त्यांपैकी दुसऱ्या बाई ऑक्टोबरात वारल्या होत्या आणि त्यांच्या मुलाने इमानदारीने बँकेला तसे कळवले होते. शाखेने त्यांचे खातेही वेळेवर थांबवले. पण यादीत शेरा मारताना ओळ चुकली. 'मयत' हा शब्द आत्याच्या नावासमोर गेला. नंतर आत्या आली, तेव्हा कर्मचाऱ्याने त्या नावाची जी ओळ रिकामी दिसली, तिच्यावर बोट ठेवले. आत्याने तिथे सही केली. अशा रीतीने जी गेली ती कागदावर हयात राहिली, जी होती ती गेली आणि मृत बाईंच्या थांबवलेल्या खात्यात तीन महिने पैसे जमा होत राहिले.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता. एका ओळीचा प्रश्न होता. पण ती एक ओळ दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले. शाखेने चूक कबूल करणारे पत्र कोषागाराला द्यायचे, सोबत आत्याचा नव्याने घेतलेला हयातीचा दाखला, पीपीओची प्रत, ओळखपत्र. पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश. मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांचा हा आदेश नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून निघतो. आत्याच्या आदेशावर शहराचे नाव 'औरंगाबाद' आहे, नव्या पत्रावर 'छत्रपती संभाजीनगर'. ही दोन्ही एकच, हेही एकदा तोंडी सांगावे लागले. एप्रिलअखेर थकलेली सगळी रक्कम एकदम जमा झाली. त्या पाच आठवड्यांत प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर मी शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. पोच नसलेला अर्ज हा दिलेलाच नसतो, असे समजून चालावे.

आत्याला पाच आठवडे लागले. उत्तर प्रदेशातल्या लालबिहारींना अठरा वर्षे लागली. आझमगढ जिल्ह्यातल्या या माणसाला १९७६च्या सुमारास कळले की, महसुली दप्तरात आपण मयत आहोत. जमिनीच्या लोभाने चुलत्याने ती नोंद करवली होती. आपण जिवंत आहोत याची कुठेतरी सरकारी नोंद व्हावी म्हणून त्यांनी काय काय केले नाही! निवडणुका लढवल्या, आपल्या बायकोला विधवा पेन्शन मिळावे म्हणून अर्ज केला, आपल्यासारख्यांचा 'मृतक संघ' काढला. १९९४ साली ते कागदोपत्री पुन्हा जिवंत झाले. आपण ही कहाणी विनोद म्हणून सांगतो, त्यावर २०२१ साली 'कागज' नावाचा चित्रपटही आला. पण तिच्यातली आणि माझ्या आत्याच्या कहाणीतली गोष्ट एकच आहे. माणसाला मृत ठरवायला एक शब्द पुरतो, जिवंत ठरायला मात्र त्याला स्वतः चालत यावे लागते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, हे ओझे चुकीच्या खांद्यावर आहे. निवृत्तिवेतन ही घटनेच्या ३०० (अ) कलमाखालची मालमत्ता आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली झारखंडच्या एका प्रकरणात सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे २०२० साली एका अतिवृद्ध पेन्शनराचे प्रकरण आले. जादा रक्कम दिली गेली, असे सांगत बँकेने त्यांच्या पेन्शनमधून परस्पर वसुली चालवली होती. न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, पैसे परत करायला लावले आणि वर पन्नास हजारांचा खर्चही बँकेवर बसवला. कुणाची मालमत्ता थांबवायची, तर आधी त्याला विचारायला नको काय? यादीत प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक असतो. 'मयत' लिहिण्यापूर्वी किंवा सही नाही म्हणून पैसे रोखण्यापूर्वी त्या क्रमांकावर एक फोन, आणि फोन लागला नाही तर घरी एक माणूस, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. मृत्यूचा शेरा पीपीओ क्रमांक ताडून आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडूनच मारला जावा. याला नवा कायदा लागत नाही.

सोयी नाहीत असे नाही. आधारवर चालणारे 'जीवन प्रमाण' नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. ज्यांच्या बोटांचे ठसे झिजून उमटत नाहीत, त्यांच्यासाठी २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवण्याची सोय आली. सत्तरीपुढच्या ग्राहकांना हयातीच्या दाखल्यासह काही सेवा घरपोच द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगितले आहे. पण या सोयी मागाव्या लागतात, आणि 'लई वर्षं दिली' असे मानणारी माणसे काही मागत नाहीत.

म्हणून हे घरातल्या तरुणांना सांगणे आहे. आजीबरोबर, काकांबरोबर नोव्हेंबरात शाखेत जा. सही करण्यापूर्वी नुसते नाव पाहू नका, पीपीओ क्रमांक एकेक आकडा मिळवून पाहा. सही केलेल्या पानाचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पीपीओच्या दोन प्रती काढा, एक तुमच्याकडे राहू द्या. आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पासबुक स्वतः उघडून पाहा. 'पैसे आले का?' असे फोनवर विचारून भागणार नाही. 'हो, आले' असेच उत्तर मिळेल.